साठवलेले विष



दृष्टान्त एकदेशी असतो, हे आम्हांला फडावर पहिल्याच वर्षी शिकवले जाई. मुख चंद्रासारखे म्हटले की चंद्राचा आल्हाद तेवढा घ्यायचा, त्याचा डाग आणि त्याची अमावास्या घ्यायची नाही. नियम चांगला आहे. पण त्याच्या आडोशाने कधी कधी असे होते की दृष्टान्तातला जो भाग आपल्याला सोयीचा, तेवढाच आपण उचलतो आणि जो भाग खरे काही सांगत असतो तो 'एकदेशी आहे' म्हणून बाजूला ठेवतो. आज अशाच एका दृष्टान्ताविषयी लिहायचे आहे. तो एका नेच्याचा आहे.

नेचा म्हणजे फूल नसलेली, बी नसलेली वनस्पती. पनवेलच्या जुन्या वस्तीत ती दाखवायला कुणाला दूर न्यावे लागत नाही. वाड्यांच्या पाठभिंती, विहिरींच्या आतले दगड, देवळाच्या आवारातली ओलसर ओवरी, जिथे जुने चुन्याचे बांधकाम आणि थोडी ओल आहे तिथे ती दगडांच्या सांध्यांतून बाहेर येते. मधोमध एक दांडी, दोन्ही अंगांना फितीसारख्या लांब निमुळत्या पाकळ्या, देठाकडे आखूड आणि शेंड्याकडे लांब, आणि टोकाची पाकळी सगळ्यांत लांब. कोवळे पान बाहेर येते ते वारकऱ्याच्या पताकेसारखे गुंडाळलेले, मग हळूहळू उलगडते. पान उलटे केले तर दोन्ही कडांना तपकिरी रेघ दिसते, तीच त्याची बीजुके, पानाची कड किंचित दुमडून झाकलेली. शास्त्रात त्याचे नाव टेरिस विट्टाटा, लिनियसने 1753 साली ठेवलेले. विट्टा म्हणजे लॅटिन भाषेत फीत. माझ्या कानाला मात्र त्यात वीट आणि विठ्ठल दोन्ही ऐकू येतात. हा माझ्या कानाचा दोष, व्युत्पत्ती नव्हे.

या नेच्याला चुना आवडतो. जगभर उष्ण आणि समशीतोष्ण मुलखांत तो चुनखडीच्या कड्यांवर वाढतो. आता गंमत अशी की आपल्या कोकणात आणि घाटावर चुनखडीचे डोंगर नाहीत. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, सारा सह्याद्री हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे. चुनखडीचे मोठे थर बघायचे तर तिकडे वणी, राजुरा, कोरपन्याकडे जावे लागते, म्हणून सिमेंटचे कारखानेही तिकडेच. मग आमच्या इथे हा नेचा जगला कशावर? तर माणसाने बांधलेल्या भिंतींवर. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत, घाटावर चुनखडीचे खडे भाजीत, भट्टीतून निघालेली कळी पाण्यात विरवीत, मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळीत. तो चुना भिंतीत बसला की वर्षानुवर्षे हवा पिऊन पुन्हा दगड होतो. म्हणजे गवंड्याने न कळत काळ्या कातळाच्या देशात चुनखडीच्या बारीक बारीक पट्ट्या तयार करून ठेवल्या, आणि वाऱ्यावर आलेली बीजुके त्या पट्ट्यांत रुजली. देवळे बांधणाऱ्यांनी देवासाठी भिंत बांधली. नेच्यासाठी तो डोंगर झाला.

इथवर सगळे गोड आहे. पण कीर्तनात जो दृष्टान्त येऊ लागला आहे तो याहून पुढचा आहे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात एका ठिकाणी इमारती लाकूड टिकावे म्हणून त्याला विषारी औषध पाजण्याचा धंदा चाले. त्या औषधात सोमल होता, ज्याला आता आर्सेनिक म्हणतात. जमीन विषारी झाली. त्या जमिनीवर हा नेचा हिरवागार उभा राहिलेला दिसला. लेना मा या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, आणि 2001 साली 'नेचर' या नियतकालिकात छापले की ही वनस्पती मातीतला सोमल मुळाने ओढून पानांत नेते. प्रयोगात तर पानांच्या सुक्या वजनात शेकडा दोनहून अधिक भाग सोमल भरला. दुसरे कोणतेही झाड इतक्यात मरून जाईल. याला काही होत नाही.

माझ्याकडे पाठांतराला येणाऱ्या एका तरुण कीर्तनकाराने ही गोष्ट कुठेतरी वाचली आणि उचलली. त्याने निरूपण असे केले की समुद्रमंथनात हालाहल निघाले, ते महादेवांनी कंठात धरले. तसाच हा नेचा जगाचे विष आपल्या पानांत धरतो. आणि तसाच संत, तसाच घरातला सोशीक माणूस, दुसऱ्यांचे कडू बोल गिळतो आणि वर हिरवा राहतो. श्रोत्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दृष्टान्त बसला, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "महाराज, कसे वाटले?" मी म्हटले, "अरे, पान गळते तेव्हा काय होते ते सांगितलेस का?"

कारण तेच तर या गोष्टीचे मर्म आहे. सोमल हे मूलद्रव्य आहे. ते जळून नाहीसे होत नाही, सडून नाहीसे होत नाही, त्याचे दुसरे मूलद्रव्य होत नाही. वनस्पतीला ते खतातल्या स्फुरदासारखे भासते म्हणून मुळे त्याला आत घेतात. इतर झाडे त्याने मरतात. नेचा मरत नाही, कारण तो ते पेशींच्या आत वेगळ्या कप्प्यांत कोंडून ठेवतो. कोंडून ठेवतो, पचवत नाही. पान वाळून खाली पडले की कप्पा फुटतो आणि जे मातीतून वर आले होते ते पुन्हा मातीत, तेही आता नेमके वरच्या थरात, जिथे पोर खेळते आणि कोंबडी टोचते. जमीन खरोखर स्वच्छ करायची असेल तर माणसाने पाने वेळच्या वेळी छाटली पाहिजेत आणि ती नीट दूर ठेवली पाहिजेत. छाटल्यावर नेचा पुन्हा फुटतो. न छाटलेला नेचा जमीन शुद्ध करीत नाही, विष फक्त खालचे वर आणतो.

आमच्याकडे सोमलाचा सख्खा भाऊ हरताळ. जुने पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, आणि त्यावरून म्हण पडली. ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना माहीत आहे की पिवळ्या लेपाखाली ते अक्षर तसेच असते. पान उजेडासमोर धरले तर कधी कधी वाचताही येते.

आता पूर्वपक्ष. कुणी म्हणेल, बुवा, तुम्ही उगाच कीस काढता. नेचा विष शोषतो हे तरी खरे ना? मग त्याला नमस्कार करायला काय हरकत? काहीच हरकत नाही. पण नमस्कार निराळा आणि अनुकरण निराळे. गाढी नदी पनवेलला पाणी देते, ती काही दया म्हणून देत नाही, उतार आहे म्हणून वाहते. तरी आपण तिला नमस्कार करतो आणि तो योग्यच आहे, कारण उपकार मानायला देणाऱ्याचा हेतू लागत नाही. पण 'नदीसारखे व्हा' असे सांगायचे तर हेतूचा विचार करावा लागेल. नेच्याचा हेतू विचाराल तर शास्त्रज्ञांनी तेही पाहिले आहे. सोमल भरलेली पाने टोळ खात नाहीत. म्हणजे हे विष त्याने जगाला वाचवायला नव्हे, स्वतःला वाचवायला साठवलेले, असे मानायला आधार आहे. तो जगाचे गिळत नाही, स्वतःभोवती कुंपण घालतो. महादेवांचे तसे नव्हते. शिवाय महादेवांचा कंठ दरवर्षी गळून पडत नाही.

हे वाचून हसू येईल, पण यात हसण्यासारखे नाही ते पुढे आहे.

आमच्या दिंडीत एक माउली अनेक वर्षे चालत असे. गाव आणि नाव सांगत नाही. सासरी तिने चाळीस वर्षे जे ऐकून घेतले ते इथे लिहिण्याजोगे नाही. तोंडातून उलटा शब्द कधी नाही. पंचक्रोशीत तिच्या सोसण्याची कीर्ती. कीर्तनकार तिचे उदाहरण देत, बाया तिच्या पाया पडत. मग तिच्या घरात सून आली. आणि सासूने तिला जे शब्द ऐकवले होते ते अक्षरशः तेच, त्याच क्रमाने, त्याच स्वरात सुनेच्या वाट्याला आले. तिला स्वतःला ते ठाऊकही नव्हते. पान गळू लागले होते. एका वर्षी वाल्ह्याच्या पुढे, पावसाने दिंडी झाडाखाली थांबलेली असताना, ती विणेकऱ्याजवळ बसली आणि पहिल्यांदा सगळे बोलली. दोन तास बोलली. कुणी तिला 'सोडून द्या माउली' म्हटले नाही, कुणी दृष्टान्त दिला नाही, ही पांडुरंगाची कृपा. पुढच्या वर्षी ती सुनेला घेऊन वारीला आली. दोघींचे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही, पण सून आली.

मग संतांनी विष गिळायला सांगितले, असे आपण ज्या कथा सांगून म्हणतो, त्या कथा पुन्हा एकदा नीट पाहू. नाथमहाराजांची कथा सर्वांना पाठ आहे. गोदावरीचे स्नान करून येताना एकजण अंगावर थुंकतो, नाथ परत जाऊन स्नान करतात, तो पुन्हा थुंकतो, नाथ पुन्हा नदीवर. आपण यातून 'शांति' एवढाच अर्थ काढतो. पण पाहा, नाथ ती थुंकी अंगावर वाळू देत नाहीत. प्रत्येक वेळी धुतात. पैठणला नदी आहे, आणि ते तिच्याकडे जातात. न रागावणे हा एक भाग झाला, आणि धुणे हा दुसरा भाग. दुसरा भाग सोडून पहिलाच सांगितला तर श्रोता घरी जाऊन न धुता न रागावण्याचा अभ्यास करील.

ज्ञानोबामाउलींची कथा तर याहून बोलकी. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले, आणि माउलींनी ताटी लावून घेतली. ज्यांच्या सांगण्यावरून जड भिंत चालली असे आपण मानतो, तेही आत जाऊन दार लावून बसले! आणि दाराबाहेर उभी कोण, तर धाकटी बहीण मुक्ताबाई. ताटीचे अभंग त्या दाराशी झाले. कुणी म्हणेल, मुक्ताबाईही सोसायलाच सांगतात. सांगतात, खरे आहे. पण कुठे उभे राहून आणि काय करायला सांगून? दार उघडायला सांगून. दार लावून सोसणे आणि दार उघडून सोसणे यांत जो फरक आहे तोच पानात कोंडलेल्या विषात आणि नदीत धुतलेल्या अंगात आहे. आणि हेही ध्यानात घ्या की माउलींना स्वतःहून ते जमले नाही असे परंपराच सांगते, लाज न बाळगता सांगते. कुणीतरी दाराशी यावे लागले. ज्या घरात सोशीक माणसाची फक्त स्तुती होते त्या घरात दाराशी कुणी येत नाही, कारण सगळे लांबून नमस्कार करीत असतात.

चोखोबांचे काय? त्यांच्या वाट्याला जे विष आले त्याची तुलना कशाशीच होणार नाही. देवळाच्या दारात जन्म गेला, आत पाऊल नाही. ते त्यांनी गिळले का? नाही. त्यांनी ते विठ्ठलाला सुनावले. सोयराबाईंनी सुनावले. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर बापापेक्षा कडक बोलला, आणि तीही वाणी परंपरेने जपली आहे. जनाबाई देवाशी भांडते. अभंग ही विष साठवण्याची जागा नव्हे, ते बाहेर काढून योग्य ठिकाणी ठेवण्याची जागा आहे, असे मला वाटते. आणि चोखोबांचा अंत? मंगळवेढ्याला कुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. सन 1338. त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी वेचून पंढरीला आणल्या. ज्या समाजाने त्यांना सारे सोसायला लावले, त्याच समाजाची भिंत शेवटी त्यांच्या अंगावर पडली. सोसणाऱ्याची महती गाताना ही भिंत कुणाची होती हे विचारायचे राहून जाते.

हे विचारायचे राहून जाते, हाच माझा या दृष्टान्तावरचा खरा आक्षेप आहे. विष शोषणाऱ्याची स्तुती फार झाली की विष सोडणाऱ्याचा हिशेब थांबतो. पनवेलकराला हे पुराणातले वाटायचे कारण नाही. शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, कासाडी नदीच्या पाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेलेला आहे. आता कुणी म्हणाले की काठाने नेचे लावा, ते सारे शोषून घेतील, तर ऐकायला बरे वाटते. नेचा प्रामुख्याने सोमल शोषतो, कारखान्याची सगळी घाण नव्हे, हे तर आहेच. पण उद्या त्याने सगळी शोषली तरी नाल्यात सोडणाऱ्याला त्याने मोकळीक कशी मिळते? घरातही तसेच. 'आमची वहिनी फार सोशीक' हे वाक्य बहुतेक वेळा तोच म्हणतो ज्याच्यामुळे तिला सोसावे लागते.

याचा अर्थ सोसूच नये असा कुणी काढू नये. मुलाचा आजार, म्हाताऱ्या आईचे विसरभोळे रागावणे, वारीतला चिखल, हे सोसल्यावाचून संसार आणि परमार्थ दोन्ही होत नाहीत. प्रसंगी दुसऱ्याचे विष आपल्यावर घ्यावेही लागते. बाप पोराची चूक पोटात घालतो. पण पोटात घातले ते जिरले की नुसते ठेवले, हे ज्याचे त्याला तपासता येते. जिरले असेल तर आठवले तरी जिभेला कडू लागत नाही. ठेवले असेल तर दहा वर्षांनी तारीख, वेळ आणि कुणी कोणता सदरा घातला होता ते सुद्धा तोंडपाठ असते. आपण गाथा इतकी पाठ केली असती तर काय हवे होते!

भिंतीवरच्या नेच्याचे काय करायचे, तो काढावा की ठेवावा, असेही मला इथल्या एका देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी विचारले गेले. त्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून थोडक्यात. पिंपळ आणि उंबर रुजला असेल तर तो लहान असतानाच काढावा, त्याची मुळे दगड फोडतात आणि खाली माणसे बसतात; मंगळवेढ्याची भिंत आठवावी. नेच्याची मुळे बारीक आणि उथळ. तो भिंत क्वचितच पाडतो, पण ओल कुठे मुरते आहे ते मात्र बरोबर दाखवतो. तेव्हा आधी पन्हळ दुरुस्त करावी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये, आत ओल कोंडते आणि गिलाव्यामागे दगडाचा सांधा भुसभुशीत होत जातो, वरून मात्र भिंत गुळगुळीत दिसते. सांधे चुन्यानेच भरावेत. आणि साध्या भिंतीवरच्या नेच्यात सोमल भरलेला असतो असे समजून कुणी घाबरू नये. जमिनीत असेल तर तो वर येतो, नसेल तर कुठून येणार?

त्या तरुण कीर्तनकाराने दृष्टान्त टाकून दिला नाही. मीही टाक म्हटले नव्हते. मागच्या एकादशीला त्याने तो पुन्हा घेतला आणि या वेळी पान गळण्यापर्यंत नेला, छाटणीपर्यंत नेला. कीर्तन संपल्यावर पाया पडायच्या रांगेत एक म्हातारी त्याला म्हणाली, "महाराज, ती छाटलेली पाने मग टाकायची कुठे?" त्याला उत्तर सुचले नाही आणि तो माझ्याकडे आला. मला माहीत होते तेवढे मी सांगितले: जाळायची नाहीत, सोमल धुरातून पसरतो, गुरांना घालायची नाहीत, खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, वेगळी, बंदिस्त ठेवायची, आणि ती कुठे ठेवली आहेत हे जाणणारा माणूस तिथे असला पाहिजे. तो म्हणाला, "म्हणजे कुणीतरी सांभाळायलाच लागते." मी म्हटले, "लागते." तो त्या म्हातारीचे घर शोधत गेला आहे. तिला वनस्पतीविषयी विचारायचे नव्हते, हे त्याच्या बरोबर लक्षात आले होते.